अमेरिकेत फेलनीनंतर मतदान, ज्युरी आणि बंदूक : कोणता हक्क कुठून परत मिळतो?

मीनल_फिली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

पेनसिल्व्हेनियातल्या एका वकिली कार्यालयात मी पॅरालीगल म्हणून काम करते. तरुण वयात फेलनीच्या, म्हणजे कायद्याने गंभीर धरलेल्या, गुन्ह्यात दोषी ठरलेली आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षे नेकीने नोकरी-धंदा केलेली माणसे आमच्याकडे येतात आणि विचारतात, की आता तरी माझे हक्क परत मिळाले का. त्यांत आपली देशी मंडळीही असतात आणि तीच सर्वांत जास्त चाचरत बोलतात. घरच्या मुलावर केस झाली होती हे सख्ख्या मामा-काकांनाही सांगितलेले नसते. त्यामुळे कोणाला विचारावे हे सुचत नाही आणि कधीतरी कानावर पडलेल्या अर्धवट माहितीवर माणूस वर्षानुवर्षे विसंबून राहतो. या विषयात अर्धवट माहिती माणसाला पुन्हा तुरुंगात नेऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

'हक्क परत मिळाले' असे एकगठ्ठा काही घडत नाही, हे आधी समजून घ्यावे लागते. मतदान करणे, ज्युरीत बसणे, निवडणुकीला उभे राहणे आणि बंदूक बाळगणे हे चार वेगळे हक्क आहेत. ते परत देण्याचा अधिकार कुठे राज्याच्या कायद्याकडे आहे, कुठे गव्हर्नरकडे, कुठे न्यायालयाकडे आणि कुठे थेट वॉशिंग्टनकडे. एक हक्क आपोआप परत आला म्हणून दुसराही आला असेल, ही समजूत सर्वांत घातक आहे.

मतदानाचे त्यातल्या त्यात सोपे आहे. घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील शब्दांचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली, रिचर्डसन विरुद्ध रामिरेझ या खटल्यात, फेलनीबद्दल मताधिकार काढून घेण्याची राज्यांना मुभा दिली. तेव्हापासून प्रत्येक राज्याचा नियम निराळा आहे. मेन आणि व्हरमाँट या राज्यांत तुरुंगातला कैदीसुद्धा मत देऊ शकतो. पेनसिल्व्हेनियात तुरुंगाबाहेर पाऊल पडले की मताधिकार असतो. न्यू जर्सीने मार्च 2020 पासून, कॅलिफोर्नियाने 2020 च्या सार्वमतानंतर आणि मिनेसोटाने जून 2023 पासून पॅरोलवरच्या, म्हणजे मुदतीआधी सुटून देखरेखीखाली असलेल्या, माणसांनाही मत देऊ दिले आहे. टेक्सासमध्ये मात्र पॅरोल आणि प्रोबेशन (कैदेऐवजी ठरावीक काळ देखरेख) यांचा शेवटचा दिवस संपेपर्यंत थांबावे लागते. व्हर्जिनियात तर गव्हर्नरने सही केल्याशिवाय हा हक्क परत येतच नाही. तिथे 2016 साली गव्हर्नर मॅकॉलिफ यांनी एकाच आदेशाने दोन लाखांहून अधिक लोकांना मताधिकार दिला, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे व्हावा असे सांगितले.

बंदुकीचे गणित याहून पुष्कळ कठीण आहे, कारण तिथे राज्याचा कायदा आणि फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा असे दोन कायदे एकाच वेळी लागू असतात. 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार, एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात जो दोषी ठरला, त्याला बंदूकच काय, एक काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. यातील 'होऊ शकेल' हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रत्यक्षात एक दिवसही तुरुंगात न जाता केवळ प्रोबेशन मिळाले असेल, तरी बंदी लागते. ती मोडल्यास 2022 पासून 15 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापूर्वी ही मर्यादा 10 वर्षे होती.

आणखी एक फसवी जागा आहे. आमच्या राज्यात प्रथम श्रेणीचा मिस्डिमीनर (मिस्डिमीनर म्हणजे फेलनीहून हलका गुन्हा) नावाचा प्रकार आहे. नाव मिस्डिमीनर असल्यामुळे लोक निर्धास्त राहतात, परंतु त्याला कमाल शिक्षा 5 वर्षे आहे. राज्याचा मिस्डिमीनर दोन वर्षांपर्यंतच्याच शिक्षेचा असेल तर फेडरल कायदा तो सोडून देतो. 5 वर्षांचा असेल तर सोडत नाही. दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा पकडलेल्या आणि रक्तातील मद्याचे प्रमाण फार जास्त आढळलेल्या माणसाला असाच प्रथम श्रेणीचा मिस्डिमीनर लागला आणि त्याची बंदुकीवरची बंदी फेडरल अपील न्यायालयाने 2020 साली होलोवे खटल्यात कायम ठेवली. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांना हा प्रसंग परका नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

सुटकेची वाट याच फेडरल कायद्याच्या 1986 च्या दुरुस्तीत आहे. दोषसिद्धी रद्द झाली, नोंद पुसली गेली, क्षमादान मिळाले किंवा नागरी हक्क परत मिळाले, तर ती दोषसिद्धी बंदुकीच्या बंदीपुरती धरली जात नाही. मात्र परत देताना 'बंदूक वगळून' असे लिहिले असेल तर ही सवलत मिळत नाही. या एका वाक्यावर सर्वोच्च न्यायालयात अनेक खटले झाले. 1994 च्या बीचम खटल्यानुसार, फेडरल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला राज्याने हक्क परत दिले तरी फेडरल बंदी उठत नाही. 1998 च्या कॅरन खटल्यानुसार, राज्याने रायफलची परवानगी देऊन पिस्तुलाची नाकारली असेल, तर फेडरल कायद्याने दोन्ही नाकारलेलीच राहतात. 2007 च्या लोगन खटल्यानुसार, ज्याचे नागरी हक्क कधी गेलेच नव्हते त्याचे ते 'परत मिळाले' असे म्हणता येत नाही, आणि म्हणून हलक्या गुन्ह्याचा माणूस बंदीत अडकून राहतो. हा शेवटचा निकाल मला आजही अन्यायाचा वाटतो, पण कायदा तोच आहे.

प्रश्न विचारावेत. कोणाचीही केस इथे नावानिशी लिहू नये, ही विनंती.

सुहास_डॅलस

मीनलताई, अत्यंत उपयुक्त धागा. माझ्या परिचयातील एक गृहस्थ टेक्सासमध्ये राहतात. त्यांची शिक्षा आणि प्रोबेशन संपून दहाहून अधिक वर्षे झाली आहेत. टेक्सासमध्ये पाच वर्षांनंतर घरात बंदूक ठेवता येते, असे त्यांना बंदुकीच्या दुकानात काम करणाऱ्या मित्राने सांगितले. हे कितपत खरे आहे?

मीनल_फिली

सुहासदादा, मित्राने सांगितले ते टेक्सासच्या कायद्यापुरते खरे आहे आणि तेवढ्यामुळेच ते धोक्याचे आहे. सुटका किंवा देखरेख यांपैकी जे नंतर संपेल, तिथून पाच वर्षे झाल्यावर राहत्या घरात बंदूक बाळगणे हा टेक्सासच्या दंडसंहितेनुसार गुन्हा राहत नाही. परंतु ज्युरीत बसण्याचा हक्क तिथे आपोआप परत येत नाही आणि घराबाहेर बंदूक नेण्याची मनाई कायम राहते. त्यामुळे फेडरल कायद्याच्या दृष्टीने हक्क पूर्णपणे परत मिळालेले नसतात. म्हणजे ज्या बंदुकीबद्दल टेक्सासचा शेरीफ त्या गृहस्थांना काही करणार नाही, तिच्याबद्दलच फेडरल वकील खटला भरू शकतो. 'मला माहीत नव्हते' हा बचावही फारसा उपयोगी पडत नाही. 2019 च्या रेहाइफ निकालानंतर आरोपीला आपली स्थिती ठाऊक होती, म्हणजे अशा गुन्ह्यात आपण दोषी ठरलो होतो हे त्याला माहीत होते, एवढे सरकारला सिद्ध करावे लागते. बंदुकीचा कायदा त्याला माहीत होता हे सिद्ध करावे लागत नाही. त्या गृहस्थांनी बंदूक घेतली नसेल तर घेऊ नये, आणि घेतली असेल तर आजच वकिलाला फोन करावा.

ॲड_मोहन_एडिसन

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करतो. आपल्या लोकांच्या दृष्टीने काही मुद्दे जोडतो.

भारतातील शिक्षेबद्दल मला वारंवार विचारले जाते. 2005 साली स्मॉल विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात, जपानमध्ये शिक्षा झालेल्या एका माणसासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बंदुकीच्या फेडरल कायद्यातील 'कोणत्याही न्यायालयात' या शब्दांचा अर्थ अमेरिकेतील न्यायालय असा घ्यावा. त्यामुळे ठाणे किंवा नाशिक येथील सत्र न्यायालयात झालेल्या शिक्षेमुळे फेलनीची ही फेडरल बंदी लागत नाही. मात्र राज्याचा कायदा वेगळा असू शकतो, आणि ग्रीन कार्ड व नागरिकत्वाच्या अर्जात ती शिक्षा उघड करावीच लागते. हा निकाल म्हणजे ती गोष्ट विसरण्याची परवानगी नव्हे.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, कोणताही गुन्हा केलेला नसला तरी, शिकारीचा परवाना अशा मोजक्या अपवादांखेरीज बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला येते. पण ग्रीन कार्डधारक फेलनीत दोषी ठरला आणि त्यानंतर त्याच्याजवळ बंदूक सापडली, तर तो गुन्हा इमिग्रेशन कायद्यात 'ॲग्रव्हेटेड फेलनी'च्या यादीत मोडतो. त्यापुढे देशाबाहेर काढले जाण्यापासून वाचण्याच्या बहुतेक वाटा बंद होतात.

नोंद पुसून घेतली की सर्व मिटले, असे फौजदारी वकील सांगतात आणि राज्याच्या कायद्यापुरते ते बरोबरही असते. इमिग्रेशन खाते मात्र पुसलेली नोंद दोषसिद्धी म्हणूनच धरते. गव्हर्नरचे संपूर्ण क्षमादान काही गुन्ह्यांच्या बाबतीत हद्दपारी टाळू शकते, पण बंदुकीच्या आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत तेही पुरत नाही. फौजदारी वकिलाने हद्दपारीच्या धोक्याची कल्पना अशिलाला दिलीच पाहिजे, असे 2010 च्या पॅडिला निकालाने ठरवले आहे. तेव्हा गुन्हा कबूल करण्यापूर्वीच हा प्रश्न विचारावा.

आणि मतदान. तुरुंगातून किंवा प्रोबेशनमधून बाहेर पडताना मतदार नोंदणीचा अर्ज हातात दिला जाऊ शकतो. जो नागरिक नाही त्याने तो भरू नये. त्याचा मताधिकार कधी नव्हताच, त्यामुळे तो परत मिळण्याचाही प्रश्न नाही, आणि फेडरल निवडणुकीत मत दिल्यास गुन्हाही लागतो आणि हद्दपारीही होऊ शकते.

प्राजक्ता_टँपा

फ्लोरिडाबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये इथे राज्याच्या घटनेची चौथ्या क्रमांकाची दुरुस्ती सार्वमताला आली आणि सुमारे 64 टक्के मतदारांनी ती मान्य केली. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता, ज्यांनी शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण केल्या आहेत त्यांना मताधिकार परत मिळावा, एवढे साधे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, की 'सर्व अटी' यात दंड, न्यायालयाचे शुल्क आणि नुकसानभरपाई ही सगळी रक्कम येते. 2020 साली अकराव्या सर्किटच्या, म्हणजे फ्लोरिडा ज्याच्या हद्दीत येते त्या फेडरल अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने 6 विरुद्ध 4 अशा मतांनी हा कायदा वैध ठरवला.

मी मतदार नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसते. समोरचा माणूस पैसे भरायला तयार असतो, पण किती भरायचे हेच त्याला कोणी सांगू शकत नाही. जुन्या निकालपत्रावर एक आकडा असतो, काउंटी क्लर्कच्या संगणकावर दुसरा, आणि वसुली एजन्सीने व्याज-शुल्क लावून पाठवलेल्या पत्रात तिसरा. दोन काउंट्यांत केस असेल तर दोन्हीकडे खेटे घालावे लागतात. त्या माणसाला प्रतिज्ञेवर सही करायची असते, की मी मत देण्यास पात्र आहे. चुकीची सही केली तर पुन्हा गुन्हा. अनेक जण पेन हातात घेतात, क्षणभर थांबतात आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवतात. ज्याला स्वतःचे कर्ज किती हे सरकारही सांगू शकत नाही, त्याचे मत त्या कर्जापायी अडवून ठेवणे मला कोणत्याही अंगाने न्याय्य वाटत नाही.

बंदुकीचा या दुरुस्तीशी काहीही संबंध नाही. फ्लोरिडात बंदुकीसाठी गव्हर्नर आणि मंत्रिमंडळ यांच्या क्षमादान मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी शिक्षा पूर्ण होऊन आठ वर्षे व्हावी लागतात.

दिलीप_पुणे

मी पुण्यात राहतो आणि हा विषय मला नवीन आहे, तरी एक मूलभूत शंका विचारतो. मतदानाचे मला पटते. परंतु ज्याने गंभीर गुन्हा केला आहे त्याच्या हाती पुन्हा बंदूक द्यावीच कशासाठी? आपल्याकडे कैदी तुरुंगात असेपर्यंत मत देऊ शकत नाही, सुटला की देऊ शकतो. निवडणूक लढवण्यास मात्र दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षे बंदी असते. 1959 च्या शस्त्र अधिनियमात हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही, आणि पुढेही परवाना द्यायचा की नाही हे परवाना अधिकारी ठरवतो. ही व्यवस्था अधिक समंजस नाही का?

मीनल_फिली

दिलीपकाका, शंका अगदी रास्त आहे. भारतात शस्त्र हा परवाना आहे; अमेरिकेत 2008 च्या हेलर निकालापासून तो घटनेने दिलेला व्यक्तिगत हक्क मानला जातो, आणि फरक इथूनच सुरू होतो. हेलरच्या निकालपत्रातच फेलनीधारकांवरची जुनी बंदी संशयास्पद ठरणार नाही असे म्हटले होते. पण 2022 च्या ब्रुएन निकालाने बंदुकीच्या प्रत्येक निर्बंधाला देशाच्या इतिहासातील परंपरेचा दाखला मागितला, आणि मग आजन्म बंदीला इतिहासात आधार आहे का, असा प्रश्न उभा राहिला.

'गंभीर गुन्हा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर येतो. आमच्याच राज्यातील रेंज नावाच्या माणसाचा खटला बघा. 1995 साली त्याने फूड स्टँपच्या (सरकारी अन्नमदतीच्या) अर्जात कुटुंबाचे उत्पन्न कमी दाखवल्याचे कबूल केले. रक्कम होती 2,458 डॉलर. शिक्षा होती प्रोबेशनची. कायद्यातली कमाल कैद 5 वर्षे असल्यामुळे शिकारीची बंदूक आजन्म बंद झाली. तिसऱ्या सर्किटच्या पूर्ण पीठाने 2023 साली आणि, सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर, पुन्हा डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. पण तो निकाल त्याच्यापुरता आणि त्याच्या परिस्थितीपुरता आहे. आठव्या सर्किटने ही बंदी सरसकट वैध मानली आहे, नवव्याच्या पूर्ण पीठानेही मे 2025 मध्ये तेच केले, आणि सहाव्याने माणूस धोकादायक आहे का हे पाहण्याची वाट मोकळी ठेवली. एकच कृत्य न्यू जर्सीत (तिसरे सर्किट) आणि कॅलिफोर्नियात (नववे) वेगळ्या तराजूत तोलले जाते, अशी आजची स्थिती आहे.

माझे स्वतःचे मत विचाराल तर मत आणि बंदूक एकाच मापाने मोजू नयेत. न्यायाधीश एमी कोनी बॅरेट यांनी 2019 साली, सातव्या सर्किटवर असताना, कँटर खटल्यातील भिन्नमतात असाच भेद केला होता, पण माझ्या उलट दिशेने. मतदान आणि ज्युरी हे सचोटीशी जोडलेले सार्वजनिक हक्क असल्याने गुन्ह्यामुळे ते जाऊ शकतात, बंदूक मात्र केवळ धोकादायक माणसाकडूनच काढून घेता येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातील धोक्याची कसोटी मला पटते, मतदानाबद्दलचा भाग पटत नाही. मतपत्रिकेने कोणी जखमी होत नाही. शिक्षा संपलेल्या माणसाचे मत काढून ठेवण्याने लोकांच्या सुरक्षेत कणाचीही भर पडत नाही. शिवाय या बंदीचा इतिहास फारसा निर्मळ नाही. अलाबामाच्या 1901 च्या घटनेतील 'नैतिक अधःपतना'चे कलम काळ्या नागरिकांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठीच घातले होते, असे 1985 साली हंटर विरुद्ध अंडरवुड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटले आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र न्यायाधीशासमोर सुनावणी व्हावी, सरकारी वकिलाला हरकत घेता यावी, कौटुंबिक हिंसाचाराचा इतिहास तपासला जावा, असेच मला वाटते. व्हर्जिनियात नेमके असे आहे : मताधिकार गव्हर्नर देतो, पण बंदुकीसाठी सर्किट कोर्टात स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

केतकी_फ्रीमाँट

कॅलिफोर्नियातील एक गैरसमज दूर करते. इथे प्रोबेशन संपल्यावर दंडसंहितेच्या कलम 1203.4 खाली केस 'डिसमिस' करून घेता येते. नोकरीच्या दृष्टीने त्याचा उपयोग होतो, बंदुकीच्या दृष्टीने होत नाही. बंदुकीसाठी उपयोग होतो तो कलम 17(ब) चा. जे गुन्हे फेलनी किंवा मिस्डिमीनर अशा दोन्ही प्रकारे चालवता येतात, त्यांना इथले वकील 'वॉबलर' म्हणतात. असा गुन्हा न्यायाधीशाने मिस्डिमीनर म्हणून उतरवला, तर फेलनीची बंदी उठते. पण गुन्हाच जर काही ठरावीक हिंसक मिस्डिमीनरच्या यादीत असेल, तर राज्याची दहा वर्षांची वेगळी बंदी असते. म्हणून केवळ 'डिसमिस' शब्द पाहून कोणीही दुकानात जाऊ नये.

ज्युरीबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही म्हणून सांगते. लैंगिक गुन्ह्यांच्या नोंदणीसारखे अपवाद सोडता, शिक्षा आणि देखरेख संपलेल्या माणसाला 2020 पासून कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयांत ज्युरीत बसता येते. फेडरल न्यायालयाचा नियम मात्र वेगळा आहे. तिथे एक वर्षाहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस, नागरी हक्क परत मिळाले नसतील तर, अपात्र असतो. समन्सच्या प्रश्नावलीत खरे लिहावे. अपात्र ठरण्यात काहीही लाज नाही.

सुहास_डॅलस

आणखी एक प्रश्न. शिक्षा फेडरल न्यायालयातली असेल, उदाहरणार्थ कर किंवा मेडिकेअरसंबंधी, तर काय? राज्याकडे जाऊन उपयोग नाही हे बीचमवरून कळले.

ॲड_मोहन_एडिसन

मुख्य मार्ग राष्ट्राध्यक्षांचे क्षमादान. न्याय खात्यातील पार्डन ॲटर्नीकडे अर्ज करायचा, आणि त्यासाठी सुटकेनंतर किंवा कैद नसल्यास शिक्षा सुनावल्यानंतर साधारण पाच वर्षे थांबावे लागते.

कायद्यात दुसरीही वाट आहे. कलम 925(क) नुसार ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एखाद्या व्यक्तीवरची बंदी उठवू शकतात. पूर्वी हे काम एटीएफ (बंदुकांवर देखरेख ठेवणारी फेडरल संस्था) करत असे. 1992 पासून संसदेने दरवर्षीच्या खर्चाच्या कायद्यात व्यक्तींच्या अशा अर्जांवर एटीएफने एक पैसाही खर्च करू नये असे लिहिण्यास सुरुवात केली आणि ती वाट कागदावरच राहिली. टेक्सासमधील बीन नावाच्या बंदूक व्यापाऱ्याची गोष्ट इथे आठवते. लॅरेडोच्या बंदूक प्रदर्शनाला गेला असता तो जेवणासाठी सीमा ओलांडून मेक्सिकोत गेला आणि गाडीत राहिलेल्या काडतुसांच्या खोक्यामुळे तिथे दोषी ठरला. त्याने अर्ज केला, एटीएफने पैसे नाहीत म्हणून परत पाठवला, आणि 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अर्ज नाकारलाच गेलेला नाही, तेव्हा न्यायालय त्यात काही करू शकत नाही. तीनच वर्षांनी, वर सांगितलेल्या स्मॉल निकालात, परदेशातील दोषसिद्धी या बंदीसाठी मोजायचीच नाही असे ठरले.

मार्च 2025 मध्ये न्याय खात्याने हा अधिकार एटीएफकडून काढून पुन्हा ॲटर्नी जनरलकडे घेतला. एप्रिल 2025 मध्ये दहा जणांचे हक्क परत दिल्याचे जाहीर झाले, त्यांत अभिनेता मेल गिब्सन होता. जुलै 2025 मध्ये अर्जाच्या नव्या पद्धतीचा मसुदा निघाला. हिंसक गुन्ह्यांत दोषी ठरलेले, लैंगिक गुन्ह्यांची नोंदणी असलेले आणि देशात बेकायदा राहणारे लोक सर्वसाधारणपणे अपात्र धरले जातील, असे त्यात म्हटले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की पहिल्या यादीत नामांकित माणसे आली तर सामान्य अर्जदाराचा विश्वास बसायला वेळ लागतो. कसोट्या लेखी असाव्यात, आणि नकाराचे कारणही लेखी मिळावे.

मीनल_फिली

मोहनदादा, लेखी कारणाबद्दल पूर्ण सहमत. काही जणांनी व्यक्तिगत निरोपात 'नेमके करायचे काय' असे विचारले आहे, त्यांच्यासाठी इथेच लिहिते.

सुरुवात कागदांपासून करावी, आठवणीपासून करू नये. आमच्या राज्यात न्यायालयाच्या संकेतस्थळावर डॉकेट शीट (केसचा नोंदतक्ता) विनामूल्य दिसते. त्यात प्रत्येक कलमापुढे 'ग्रेड' असा रकाना असतो आणि त्यात एफ-3, एम-1, एम-2 अशी अक्षरे असतात (एफ म्हणजे फेलनी, एम म्हणजे मिस्डिमीनर). अटक कोणत्या कलमाखाली झाली ते पाहू नये, अखेरीस दोषी कोणत्या कलमात ठरवले ते पाहावे. कितीतरी लोक स्वतःला फेलनीधारक समजत असतात आणि कागदावर फेलनीचे कलम मागे घेऊन एम-2 वर तडजोड झालेली असते. एम-2 ची कमाल शिक्षा दोन वर्षे, म्हणजे फेडरल बंदी सहसा लागतच नाही. उलट 'साधी केस होती' म्हणणाऱ्याच्या कागदावर एम-1 निघतो आणि त्याचा चेहरा उतरतो. यासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत, प्रोबेशन संपल्याचा कागद आणि दंड भरल्याच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात.

पेनसिल्व्हेनियात 2018 च्या क्लीन स्लेट कायद्याने जुन्या नोंदी झाकल्या जातात, म्हणजे घरमालकाला किंवा बहुतेक मालकांना त्या दिसत नाहीत. झाकलेली नोंद पुसलेली नसते आणि त्यामुळे बंदुकीची बंदी उठत नाही. त्यासाठी बहुतेकांना क्षमादान मंडळाकडेच जावे लागते; गव्हर्नर त्यांच्या शिफारशीवरच सही करू शकतात. तिथे सुनावणीत माणसाला स्वतः बोलावे लागते. आपली मंडळी इथे दबतात. गुन्हा काय केला, का केला आणि त्यानंतर काय केले, हे सरळ सांगणाऱ्याचे मंडळ ऐकून घेते.

आणि 'दुकानात जाऊन पाहू, पास झालो तर झालो' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. दुकानात फॉर्म 4473 भरावा लागतो आणि त्यात दोषसिद्धीचा प्रश्न थेट विचारलेला असतो. खोटे उत्तर हा स्वतंत्र फेडरल गुन्हा आहे. खरेदी मंजूर झाली याचा अर्थ एवढाच, की एफबीआयच्या एनआयसीएस या पार्श्वभूमी तपासणीच्या यंत्रणेत त्या क्षणी नोंद सापडली नाही. हक्क खरोखर परत मिळूनही जुनी नोंद आडवी येत असेल, तर एफबीआयकडे अपील करून सर्व कागद दाखवता येतात, आणि पुढच्या खरेदीसाठी ओळख क्रमांक देणारी स्वेच्छा नोंदही करून ठेवता येते.

सुहास_डॅलस

ताई, शेवटचा प्रश्न. त्या गृहस्थांच्या पत्नीला स्वतःच्या नावावर पिस्तूल घ्यायचे आहे. तिच्यावर कोणतीही केस नाही. एकाच घरात ते चालेल का?

मीनल_फिली

तिचा हक्क तिचा आहे, नवऱ्याच्या शिक्षेमुळे तो जात नाही. पण फेडरल कायद्यात 'ताबा' म्हणजे केवळ हातात धरणे नव्हे. वस्तू कुठे आहे हे माहीत असणे आणि ती हवी तेव्हा घेता येणे, एवढ्यानेही ताबा सिद्ध होऊ शकतो. 2015 च्या हेंडरसन निकालात सर्वोच्च न्यायालयाने बंदी असलेल्या माणसाला जुन्या बंदुका दुसऱ्याच्या हवाली करण्याची मुभा दिली, तीही त्या बंदुकांवर त्याचे कोणतेही नियंत्रण उरणार नसेल तरच. तेव्हा पिस्तूल पलंगाशेजारच्या खणात असेल तर धोका नवऱ्याला आहे. तिजोरीत असेल तर तिचा आकडा फक्त पत्नीला माहीत असावा, काडतुसेही त्याच तिजोरीत असावीत, आणि तिजोरी ज्या कपाटात नवऱ्याचे कपडे असतात तिथे नसावी. पिस्तूल त्याच्यासाठी म्हणून तिच्या नावावर घेतले जात असेल, तर तो दोघांचाही गुन्हा आहे. माझा सल्ला असा, की आधी त्यांच्या निकालपत्राची प्रत मागवावी, टेक्सासच्या गव्हर्नरकडे क्षमादानाचा अर्ज करता येतो का ते वकिलाला विचारावे, आणि त्याचे उत्तर हाती येईपर्यंत पिस्तूल घरात आणू नये.